वहिनीला नको असलेली दौड

चोपन्नाव्या वर्षी बाईमाणसाने गुडघ्यांना तेल चोळावं आणि देवळात जाऊन बसावं, अशी आमच्या आळीची रीत. मी बूट घालून नरपडच्या रस्त्याला धावायला लागले, तेव्हा डहाणूच्या मासळीबाजाराला कितीतरी दिवस दुसरा विषय नव्हता. "बाई, शाळेची घंटा झाली काय?" असं बोंबील विकणारी एकजण रोज विचारायची. मी तलासरीच्या शाळेत शिकवते, त्यामुळे असले विनोद माझ्यावर फुकटात होतात. मी उत्तर देत नसे. उत्तर द्यायला अंगात श्वास तर उरायला हवा.

धावायचं कारण माझा धाकटा भाऊ. दोन वर्षांपूर्वी दसरा झाल्यावर अवेळी वादळ आलं, तेव्हा तो आणि त्याचा खलाशी समुद्रात होते. बोट दुसऱ्या दिवशी उलटी सापडली. खलाशी तलासरीकडच्या एका पाड्यावरचा, लग्नाच्या वयाचा पोरगा. तो काही दिवसांनी उंबरगावच्या किनाऱ्याला लागला. त्याच्या आईने त्याला कमरेच्या करदोट्यावरून ओळखलं आणि पाड्यावर त्याचे दिवस घातले. माझा भाऊ कुठेच लागला नाही.

इथूनच वहिनीचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, सुरू झालं. आमच्या भागातली माणसं गुजरातच्या मोठ्या बोटींवर कामाला जातात. कधी समुद्रातली देशाची हद्द ओलांडली म्हणून पलीकडच्या देशात पकडली जातात आणि तीन-चार वर्षांनी, घरच्यांनी आशा सोडल्यावर, दारात येऊन उभी राहतात. अशी माणसं वहिनीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. "कोनीतरी उचलला असल त्याला," ती म्हणायची, "तिकडं जेलात असल." डहाणूसमोर बुडालेला माणूस तिकडच्या जेलात कसा पोचेल, हे मी तिला भूगोलासकट समजावलं. शिक्षिकेची खोड, दुसरं काय. दर्भाचा पुतळा करून अंत्यविधी उरकून घेऊ, असंही दोनदा सुचवलं. पहिल्यांदा ती रडली. दुसऱ्यांदा तिने मला जेवायला वाढलं आणि स्वतः ओटीवर जाऊन बसली, माझं जेवण होईपर्यंत आत आलीच नाही.

सरकार अशा वेळी मृत्यूचा दाखला द्यायला सात वर्षं थांबा म्हणतं. वहिनीची तयारी त्याहून लांबची होती. तोवर घर कशावर चालायचं, असं विचारलं की ती सुकटीची टोपली उचलून बाजाराला निघायची. तिची मुलगी, माझी भाची, नर्सिंगचं शिक्षण अर्ध्यावर सोडून उंबरगावच्या एका कंपनीत पॅकिंगला जायला लागली, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं.

डहाणूतला एक तरुण डॉक्टर दर हिवाळ्यात किनाऱ्याच्या रस्त्यावर अर्धी मॅरेथॉन भरवतो. एकवीस किलोमीटर धावायचं आणि जमलेले पैसे कुणा गरजूला द्यायचे. यंदा ती या दोन घरांसाठी भरवावी, हे मीच त्याच्या डोक्यात घातलं. तो म्हणाला, "मॅडम, घरातलं कुणी धावलं तर लोक हात सैल सोडतात." घरातलं म्हणजे कोण? भाचीला सुट्टी नाही. उरले मी.

वहिनीला सांगितलं तर ती मासे निवडता निवडता म्हणाली, "पाड्यावरच्या म्हातारीला दे सगळं. तिचा पोरगा गेलाय. मना कशाला? ते पैसे हातात घेतले म्हंजे मी कबूल केलं." "काय कबूल केलंस?" मी मुद्दाम विचारलं. तिने पुढचा मासा उचलला. दौडीला येईन, पण ताई पडलीबिडली तर उचलायला, एवढंच म्हणाली.

त्या सकाळी चांगलीच थंडी होती. रंगीबेरंगी बनियन घातलेली शे-दोनशे माणसं, कर्णा, झेंडूच्या माळा, असा सगळा थाट. वहिनीला आणि खलाशाच्या आईला मांडवात पुढच्या खुर्च्यांवर बसवलं होतं. डॉक्टर भला माणूस. त्याने माइक हातात घेतला आणि म्हणाला, "समुद्रात गेलेल्या दोघांना श्रद्धांजली म्हणून आपण दोन मिनिटं शांत उभं राहू या." टोप्या उतरल्या, माना खाली गेल्या. भरतीचा आवाज तेवढा येत होता.

"कोन मेलाय?"

वहिनी खुर्चीतून उठली होती. "हिच्या पोराला वाहा श्रद्धांजली. माजा नवरा मेला नाय." ती ओरडली नव्हती. बाजारात भाव सांगावा तशी बोलली. शेवटी खलाशाच्या म्हाताऱ्या आईने तिचा हात धरून तिला खाली बसवलं, कुणीतरी घाईने गाणं लावलं आणि झेंडा पडला.

सुरुवातीला मी रागाने धावले. तिच्यावर राग, डॉक्टरवर राग, आणि सगळ्यात जास्त भावावर. वादळाची सूचना आली होती, इतरांनी बोटी ओढून ठेवल्या होत्या, याला मात्र जाळं काढून आणायचं होतं. नरपडला वाळत घातलेल्या बोंबलांचा वास आला. चिखल्याला चिकूच्या वाड्यांतली थंड सावली लागली. तिथून पुढे परतीचा वळसा होता. जाताना डाव्या हाताला असलेला समुद्र येताना उजव्या हाताला आला आणि राग संपला. मग नुसताच तो आठवत राहिला. लहानपणी वाळूत माझ्या पुढे धावायचा आणि मी मागे पडले की थांबून मला चिडवायचा. मला तो हवा होता. बाकी काही नको होतं.

परतीच्या वाटेवर गुडघा गेला. मग मी चालले, लंगडले, पुन्हा चालले. मागचे सगळे पुढे गेले. पाण्याचे कागदी पेले गोळा करणाऱ्या बाया माझ्यासाठी खोळंबल्या होत्या. "रिक्षा बोलवू का, मावशी?" त्यांतली एक म्हणाली. मी नको म्हटलं. बसून आले तर पैसे देणारे बोटं दाखवतील, ही धास्ती होती.

डहाणूला पोचले तेव्हा मांडव सोडायला घेतला होता. वहिनी रस्त्यावर पार पुढे येऊन उभी होती. तिने मला धरून आणलं, खुर्चीत बसवलं आणि खाली बसून माझे बूट काढले. टाचेला मोजा रक्ताने चिकटला होता. तो ती पाणी लावून हळूहळू सोडवत राहिली. "कशाला गं ताई?" एवढंच म्हणत होती. "कशाला एवढी?"

डॉक्टरने एक पाकीट म्हातारीच्या हातात दिलं. दुसरं वहिनीला द्यायची त्याची हिंमत होईना, म्हणून त्याने ते माझ्यापुढे धरलं. वहिनीने ओले हात पदराला पुसले आणि मध्येच दोन्ही हात पुढे केले.

मला बरं वाटायला हवं होतं. याचसाठी तर दोन वर्षं तिच्याशी भांडले होते. पण तिचे हात पुढे झाले तेव्हा मला कळलं. मी तिला वेडी म्हणत होते आणि तिच्याच वेडावर माझे दिवस काढत होते. ती वाट बघत होती, तोवर माझा भाऊ कुठेतरी होता.

"नको घेऊ," मी म्हटलं. "वहिनी, ऐक माझं. थांबू या अजून."

"आता कशी नको म्हनू?" ती म्हणाली. "तू एवढी धावलीस त्याच्यासाठी."

तिने पाकीट कपाळाला लावलं आणि कमरेला खोचलं. भाऊ गेल्यापासून मी एकदाही मोठ्याने रडले नव्हते. त्या दिवशी किनाऱ्यावर, चारचौघांत रडले, आणि वहिनी माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, घरात मयत झाल्यावर बायका फिरवतात तसा.