गच्चीवरची सरकारी बरणी

भिलाईच्या मोठ्या कारखान्याच्या आसऱ्याने उभ्या राहिलेल्या लोखंड ओतायच्या एका खासगी ढलाईखान्यात मी कारकून होतो. क्वार्टर मालकाचंच, आणि भट्टीच्या चिमणीपासून इतकं जवळ की जेवताना भातावर ताट झाकून ठेवावं लागे. बायकोला दमा होता. भर उन्हाळ्यात आम्ही खिडक्या लावून, त्यांवर ओल्या चादरी टाकून बसायचो. घर सोडायचं तर नोकरी सोडा, नोकरी सोडली तर खायचं काय? इकडे आड, तिकडे विहीर.

शेवटी मी सरकारच्या प्रदूषण खात्याला अर्ज केला. चोरून केला. दुर्गच्या बाजारात जाऊन टाईप करून आणला. मालकाला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी आमचं सामान रस्त्यावर आलं असतं. बायकोलाही सांगितलं नाही. तिच्या पोटात गोष्ट टिकत नसे, आणि मे महिन्यात क्वार्टरांच्या लाइनीतल्या सगळ्या बायका कुरडया वाळवायला आमच्याच गच्चीवर यायच्या.

दुसऱ्या अर्जानंतर एक साहेब आले. रुंद तोंडाची काचेची बरणी त्यांनी गच्चीवर तिपाईवर बसवली. जिन्यात मला हळूच म्हणाले, महिनाभर हिच्यात जी धूळ पडेल ती तोलू. जास्त निघाली तर मालकाला नोटीस, मग चिमणीला धूळ अडवणारं यंत्र बसवावंच लागेल. त्या दिवशी मला बऱ्याच महिन्यांनी पोटभर जेवण गेलं.

"हे काय होय?" बायकोने विचारलं.

"पाऊस मोजायचं सरकारी भांडं," मी ठोकून दिलं. "जागचं हलवू नको."

महिनाभर मी गच्चीवर पाऊल ठेवलं नाही. उगाच कोणाला संशय नको. एवढा शहाणा मी!

महिना भरला, साहेब आले. गच्चीवर बायको होती आणि कुरडया उलटत बसलेली, मालकाच्या मर्जीतल्या फोरमनची बायको होती. साहेबांनी बरणी उचलली, उजेडात धरली, आत पाहिलं.

"भाईसाब, ये तो एकदम साफ है."

मी पुढे होऊन बरणीत डोकावलो.

"मंग!" बायको खुशीत पुढे आली. "रोज सकाळी पुसत होती मी. जागचं हलवलं नाही हो, तुमी सांगितलं होतं ना. एका दिवसात काळंकुट्ट होत होतं." ती दम खायला थांबली. छातीत शिट्टी वाजत होती. "सरकारचं भांडं, आपल्या घरी मळकं ठेवाचं का?"

साहेबांना मराठी कळत नव्हती. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"क्या कह रही हैं?"

फोरमनच्या बायकोने मान वर केली. एक वाक्य बोलायचं होतं. एकच.

"चाय के लिए पूछ रही हैं," मी म्हटलं.

साहेब चहा पिऊन बरणी घेऊन गेले. पुढे मी अर्जात दिलेल्या, दुर्गच्या टाईपवाल्याच्या पत्त्यावर कागद आला, हवा ठीक आहे म्हणून. मी तो तिथेच फाडला. माझ्यातल्या त्या भित्र्या माणसाची मला आजही चीड येते.

घरी आलो तर बायको खाटेवर उशीला टेकून बसली होती. झोपली की तिला श्वास पुरत नसे.

"अहो," ती म्हणाली, "त्या साहेबानं काही कळवलं का? यंदा पाऊस कसा आहे म्हंते?"

"चांगला आहे म्हणतात," मी म्हटलं, आणि उघडी राहिलेली खिडकी लावून घेतली.