आइस हॉकीवाले डॉक्टर

आमच्या शेजारचे डॉक्टर मूळचे नागपूरचे, पण इंग्लंडमध्ये येऊन त्यांना आइस हॉकीचं वेड लागलं. नवा सीझन जवळ आला की बागेच्या कुंपणापाशी उभे राहून ते लीगमधल्या एकेका टीमला झोडपतात. "चॅम्पियन आता म्हातारे झाले बाप्पा. अन् आपला डिफेन्स म्हणजे चाळणी." कौतुक कुणाचंच नाही.

यंदा क्लबने सीझनआधी चाहत्यांना बोलावलं, तेव्हा ते मलाही घेऊन गेले. एकेका टीमबद्दल बोलता बोलता मॅनेजर हसत म्हणाला, "आपला कॅप्टन परवाच डोक्यावर आपटून बेशुद्ध पडला होता, तरी पहिली मॅच खेळणार!" टाळ्या पडल्या.

डॉक्टर ताडकन उठले. "त्याला तपासलं कोणी?"

लोक हसले. मागून कोणी तरी "सिट डाउन" म्हणून ओरडलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "काका, बसा ना," मी बाही ओढली.

"तू बस. मी उत्तर ऐकून बसेन."

मॅनेजर पुढच्या टीमकडे वळला. डॉक्टर उभेच होते.

शेवटी पहिल्या रांगेतला कॅप्टनच उठला. "कोणीच नाही," तो म्हणाला.

मग कोणी हसलं नाही. डॉक्टर तरीही बसले नाहीत. खुर्च्या ओलांडत ते त्याच्याकडे निघाले.