रिलीव्हर येईपर्यंत

किस्से काही कोणी ठरवून गोळा करत नाही. घरात जुन्या किल्ल्या साठतात ना, कुठल्या कुलपाच्या ते आठवत नाही आणि टाकवतही नाहीत, तसे ते साठतात. आमच्या चौघांचे निम्मे किस्से अंबडच्या कारखान्यातले. उरलेले लॉकडाऊनने दिले, आणि तेही बहुतेक घरबसल्या.

चौघं म्हणजे निकम, आहेर, वाघ आणि मी, सोनवणे. निकम आमचा फोरमन. आहेर आणि वाघ लेथवर, मी क्वालिटीत इन्स्पेक्टर. रिटायर झाल्यावर रोज सकाळी सातला पाथर्डी फाट्यावर चहाला जमायचो. लॉकडाऊनमध्ये टपरी बंद झाली. निकमने फोनवर फर्मान काढलं, "टपरी बंद आहे, शिफ्ट नाही. उद्यापासून सातला व्हिडिओ कॉल. हजेरी घेणार."

*

पहिल्या दिवशी आहेरच्या घरातून फक्त छताचा पंखा दिसला. दुसऱ्या दिवशीही पंखाच.

"आहेर, माणूस दाखव," निकम म्हणाला.

"तोंड तुम्ही जन्मभर पाह्यलंय. पंखा नवा हाय."

*

निकम कॉलला कारखान्याचा युनिफॉर्म घालून बसायचा. कडक इस्त्रीचा. निकमवहिनींनी काही दिवस पाहिलं आणि विचारलं, "डबा पण भरून देऊ का?"

टोमणा होता. निकम म्हणाला, "दे."

दुपारी गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून त्याने डबा खाल्ला. खाली येऊन म्हणाला, "भाजीत मीठ कमी होतं."

दुसऱ्या दिवशी डबा उघडला तर भाजी पूर्ण अळणी, आणि शेजारी मिठाची पुडी.

*

मी पोळ्या लाटायला शिकलो. कडा जाड आणि मध्ये पातळ, काही केल्या एकसारखी होईना. शेवटी कपाटातून जाडी मोजायचा माझा व्हर्निअर काढला आणि प्रत्येक पोळी चार ठिकाणी मोजायला लागलो. बऱ्याच रिजेक्ट केल्या.

बायको शांतपणे बघत होती. म्हणाली, "आमच्या कारखान्यात रिजेक्ट माल इन्स्पेक्टर खातो."

*

वाघचं मात्र वेगळं होतं. त्याची बायको लॉकडाऊनच्या आधीच्या हिवाळ्यात गेली. मुलगी पुण्यात, येण्याचे रस्ते बंद. फ्लॅटमध्ये हा एकटा. हजेरीला यायचा, पण कॅमेरा बंद. "हजर" म्हणायचा आणि गप्प. मग एक दिवस "हजर"ही आलं नाही. फोन बंद.

आहेरचा मखमलाबादला भाजीचा मळा आहे. भाजीच्या गाडीला पोलीस सोडायचे, म्हणून तो मेथीचं क्रेट घेऊन वाघच्या बिल्डिंगखाली गेला. वॉचमन आत सोडेना. तेव्हा आहेरने रस्त्यावरूनच आवाज दिला, "वाघ, हजेरी!"

सगळी बिल्डिंग गॅलरीत आली. सगळ्यात शेवटी वाघ आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"झोपू दे की रे."

"दहा वाजले. ऊठ आता, फोन चालू कर."

"उठून करू काय?" वाघने विचारलं.

आहेरने हे सगळं आम्हाला फोनवर सांगितलं. वाघने जेवण सोडलंय हे शेजारच्या बाईंनी गॅलरीतूनच सांगितलं होतं. मला भीती वाटली. हा माणूस असाच हातातून जाईल, आणि आम्ही फोन चार्ज करत बसू.

*

निकमने त्याच दिवशी शिफ्टा लावल्या. सकाळी आहेर, दुपारी निकम, संध्याकाळी वाघ झोपेपर्यंत मी. आणि नियम कारखान्याचाच. भोंगा झाला तरी पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, शेजारी येऊन उभा राहिल्याशिवाय मशीन सोडायचं नाही. इथे मशीनच्या जागी वाघचा फोन. पुढच्याचा कॉल आल्याशिवाय आधीच्याने ठेवायचा नाही.

वाघ भडकला. "मी काय मशीन आहे का?"

"मशीन असतास तर ऑइल टाकून मोकळे झालो असतो," निकम म्हणाला. "तुला वरणभात लागतो. कुकर लाव."

त्याने कुकर लावला नाही. पण फोन चालू ठेवला. बोलायला रोज काय असणार? माझ्या शिफ्टला मी लसूण सोलायचो आणि पलीकडे त्याचा टीव्ही ऐकायचो. फोन तापायचा. कान दुखायचा. आम्ही सोडला नाही.

*

एकदा निकमला दुपारी डोळा लागला. रिलीव्हर नाही, म्हणून आहेर अडकला. विंचूरच्या कांद्याच्या लिलावात व्यापाऱ्याने आपल्याला कसं घोळात घेतलं, हे त्याने पहिल्यापासून सांगितलं. मग काही सुचेना म्हणून पुन्हा पहिल्यापासून.

वाघ म्हणाला, "तिसऱ्यांदा नको. मी जेवतो, पण तू थांब."

आहेर थांबला. पलीकडून कुकरची शिट्टी ऐकली, मग ताटाचा आवाज ऐकला. मला फोन करून म्हणाला, "लय दिवसांनी कांद्याला चांगला भाव मिळाला."

*

शेवटचा किस्सा निकम स्वतः कधी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

दुसरी लाट आली आणि निकमच हॉस्पिटलात गेला. ऑक्सिजनवर. आत कोणाला सोडत नव्हते. एका सकाळी वहिनींचा फोन आला. निकम मास्क काढून टाकतोय, "बस झालं, घरी सोडा" म्हणतोय, नर्सने दोनदा लावला तरी पुन्हा काढतोय. नर्सने त्याचा फोन त्याच्यासमोर धरला आणि आम्ही सगळे कॉलवर आलो.

मी समजावलं. आहेरने शिव्या घातल्या. वहिनी नुसत्या हात जोडून बसल्या होत्या. निकमने डोळे मिटून घेतले. मास्क गळ्यात लोंबत होता.

तेवढ्यात स्क्रीनवरचा, इतके महिने काळा असलेला चौकोन उजळला. वाघ. दाढी केलेली. अंगात कारखान्याचा युनिफॉर्म, खांद्यात सैल झालेला, पण इस्त्रीचा.

"निकम."

निकमने डोळे उघडले. बराच वेळ तो त्या युनिफॉर्मकडे बघत राहिला.

"रिलीव्हर आलाय का तुझा?" वाघने विचारलं.

निकमने शेजारी पाहिलं. मग मान हलवली. नाही.



निकमने मास्क वर ओढला आणि नाकावर नीट बसवला.