न पेटलेला राब

चिंचणीहून सकाळी निघाले तेव्हा समुद्र कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं, हे कळत नव्हतं. बोईसरला कारखान्यांच्या वरही तोच फिकट रंग. "चलो मनोर, एक सीट!" असं ओरडणाऱ्या रिक्षात बसले. डोंगर लागले, आणि त्यांच्या अंगावरून जागोजागी धूर हळूहळू वर चढताना दिसला. उन्हाळ्यात इकडे राब (भाताचं बी पेरण्यासाठी पाला आणि शेण पसरून भाजतात ती जागा) पेटतात.

हा धूर हेच माझं काम. न भाजता, पाला कुजवून रोपं वाढवणाऱ्यांना आमची संस्था पैसे देते. प्रयोग मी निवडते आणि त्याबद्दल लोकांना कळेल असं लिहिते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. आई शेजारणींना सांगते, "आमची पोरगी धुराची डॉक्टर आहे." मी ते दुरुस्त करत नाही.

रिक्षावाल्याने एक फाटा आधीच उतरवलं. झाडांखालून धूर इतका संथ तरंगत होता की मी चालतेय की वाटच मागे सरकतेय, समजेना.

पाड्यावर जैनीबाईने आधी ताडगोळे पुढे केले. यंदा राब न भाजायला तयार झालेली ती एकटीच. शेजारचे काकड्यादादा मात्र काडेपेटी घेऊन उभे होते.

"पेटव गो आता! आमचे राब थंड बी झाले."

"बाई, मी शबूद दिला," जैनीबाई मला म्हणाली, "पन झोप नाय लागत. आवण (भाताची रोपं) नाय झालं तं लावू काय?"

"नुकसान झालं तर संस्था भात देईल."

म्हणतानाच कळलं, हे पुरेसं नाही. आवण दुकानात मिळत नाही. लावणीच्या वेळी शेजाऱ्याने दिलं तरच शेत लागतं. मी काकड्यादादांना सरळ विचारलं, "हिचं आवण वाया गेलं, तर तुम्ही तुमच्यातलं द्याल?"

"मला काय इचारता? ती घेल का ते इचारा. तोंड किती हाय तिचं!"

"घेन," जैनीबाई म्हणाली. "पन मग तू वरीसभर बोलशील."

"वरीसभर? तुझ्या नातवाच्या लग्नात बी बोलीन!" सगळे हसले. मग काकड्यादादा म्हणाले, "देन. पयलं माझं शेत लावून देन."

जैनीबाईने त्यांच्या हातातली काडेपेटी घेतली आणि कमरेला खोचली. "आता चुलीला काडी लागली तं माझ्याकडं ये."

तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी खाऊन निघाले. बोईसरला येईपर्यंत ऊन कलून डोंगर निळे झाले होते. फोनला रेंज आली. ऑफिसातल्या सहकाऱ्याला मी फोटो पाठवला: कुजलेला पाला, कडेला दोन कोंबड्या.

"यात काय घडलंय?" त्याने विचारलं.

पेटलेला राब कुणालाही दिसतो. न पेटलेला दाखवावा लागतो. त्याचाच मला पगार मिळतो. पण आज नुसत्या आमच्या पैशाने काडी थांबली नसती. ती थांबली, कारण एका शेजाऱ्याने आवण द्यायचं कबूल केलं. लेखात आधी काकड्यादादा येतील, मग संस्था.