सखूचा धवला

हे मी घरच्या देवापुढंसुद्धा कधी बोलले नाय. नवऱ्याला माहीत नव्हतं, सुनांना तर नायच. तुम्ही कोण, कुठले — तरी तुम्हालाच सांगते. बसा जरा.

आमच्याकडं लग्नात धवले गाणारी बाई असते, धवलारीण. हळद लागल्यापासून नवरी उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत तिनं गायचं. शेणवे गावची बारकीबाई तशी होती. ती ओळ टाकायची, मी मागून झेलायची. कितीतरी लगनसराया तशा काढल्या. तिच्याच जिवावर मला चार माणसं ओळखायला लागली — आणि मी काय केलं?

थांबा. आधी सखूचं सांगते.

सखू बारकीची एकुलती लेक. तिच्या हळदीचा धवला बारकीनं स्वतः रचला. आजीकडून आलेला नव्हे, शेजारणीचा नव्हे. “सखू माझी गो भाताची लोंबी, पिकली नि वाकली, परक्या खळ्याला चालली.” बारकी रडली नाय, सारा मांडव रडला. वर्षाच्या आत सखू पहिल्या बाळंतपणात गेली. गेलेल्या पोरीच्या नावाचा धवला आम्ही मांडवात गात नाय — नव्या नवरीवर सावली पडते म्हणतात. बारकीनं ते गाणं पुन्हा तोंडातून काढलं नाय. पाठ होतं ते आम्हा दोघींनाच.

मग कॅसेटी आल्या. एक कंपनीवाला मुरबाडला हळदीची गाणी भरून घ्यायला आला. बारकी म्हणाली, “डबीत काय धवला भरतात गो? मी नाय येत.” मी गेले. माझी गाणी ऐकून तो म्हणाला, “मावशी, ही सगळी बाजारात आहेत. कोणाकडं नसलेलं द्या.” आणि मी — कव्हरावर माझं नाव येणार होतं म्हणून? होय, म्हणूनच — मी सखूचं गायले. गाण्यातलं पोरीचं नाव तरी बदलायचं ना? नाय बदललं. तालात बसत होतं.

“हे कोणाचं?” त्यानं विचारलं.

“कोणाचंच नाय. जुनं आहे.”

बारकीच्या घरी टेप नव्हता. मी गप्प राहिले. वर्षं गेली, डीजे आले. कोणीतरी त्या कॅसेटीचं रिमिक्स केलं — माझा आवाज चिरका करून, खाली धाडधाड ढोल, आणि सखू-सखू-सखू, मधेच शिट्ट्या. टोकावड्याच्या एका हळदीत बारकीनं ते ऐकलं. लेकीच्या नावावर पोरं पिऊन कंबर हलवत होती. ती मधे जाऊन उभी राहिली, “बंद करा रे, माझी पोर आहे ती!” पोरं हसली. “आजी, सीडीवर दुसऱ्या बाईचं नाव आहे. तुमी कुठून आल्या?”

दुसऱ्या दिवशी ती माझ्या दारात. शिव्या नाय, शाप नाय. “तू चल नि खरं सांग. पैसा नको मला. सखूचं नाव तेवढं त्या गाण्यातनं काढाय लाव.”

गेलो आम्ही कंपनीवाल्याकडं. तो सरळ बोलला, “कोणी रचलेलं असेल तर रिमिक्स बंद करावं लागेल, कायदा आहे. पारंपरिक असेल तर ते सगळ्यांचं. मावशी, तुम्ही गायलंय, तुम्हीच सांगा.”

बारकीचा हात माझ्या गुडघ्यावर होता. एक शब्द बोलायचा होता हो! पण आता खोटारडी ठरणार, गाण्याची बोलावणी जाणार, गावात तोंड कसं दाखवू — हेच डोक्यात. मी म्हटलं, “पारंपरिकच आहे. माझ्या आजीच्या तोंडून ऐकलंय.” तेवढ्यावर थांबले असते तर — नाय थांबले. पुढं म्हटलं, “पोर गेल्यापासून हिचं डोकं ठिकाणावर नाय.”

बारकीनं हात काढून घेतला.

पुन्हा ती कुठल्या मांडवात गायली नाय. माझ्याशी बोलली नाय. गेली तशीच.

परवा नातीच्या मैत्रिणीच्या हळदीत तेच लागलं. नाचता नाचता एका पोरीनं मला विचारलं, “ही सखू कोण गो आजी?”

मी म्हटलं, “कोण नाय. गाण्यातलं नाव.”