खटका खालीच होता

त्या उन्हाळ्यात मी चिंचवडला, गावाबाहेर एका शेतकऱ्याच्या घरात भाड्याने राहत होतो. पिंपरीच्या कारखान्यात नोकरी होती आणि हौशी रेडिओचा परवाना नुकताच हातात आला होता. घरमालकांना सगळे आबा म्हणत, मीही म्हणत असे. त्यांच्या चिंचेपासून माझ्या खिडकीपर्यंत मी रेडिओसाठी तांब्याची तार ताणली होती. येता-जाता आबा विचारत, "काय भाऊ, आज काय वाळत घातलंय?"

एप्रिलमध्ये टोमणे थांबले. वळीव येण्याच्या दोन-तीन तास आधीच यंत्रात खरखर सुरू होई. लांब कुठे वीज चमकली की कापड टरकावल्यासारखा आवाज येई. उष्मा, वारा, खरखर आणि कोणाशी बोलणं झालं, हे सगळं मी रोज वहीत मांडत होतो. त्यावरून दोन-तीनदा पाऊस आधी सांगितला आणि तो आला. मग आबा माझ्या खिडकीशी विचारूनच शेतावर जाऊ लागले.

मे महिन्यातल्या एका रविवारी त्यांचा काढलेला कांदा नदीकाठच्या शेतात सुकत पडला होता. मुलं, सुना सगळे सांगवीला लग्नाला निघाले होते. बैल जुंपून आबा खिडकीशी आले.

"भाऊ, कांदा झाकायचा का? झाकायचा आसंल तर आत्ताच सांगा. मागनं आमी दोगंच म्हातारा-म्हातारी."

मी हेडफोन कानाला लावून ऐकलं. आवाज नाही. "आज काही नाही. जाऊ द्या त्यांना."

गाडी गेली.

तीन वाजता हैदराबादच्या एका हौशी मित्राशी बोलायचं ठरलं होतं. त्याचा आवाज येईना, कोणाचाच येईना. वारा पडला होता. पाठीवर शर्ट चिकटला होता. मी वही उघडली. सकाळच्या कामांच्या यादीत 'खटका वर' यापुढे बरोबरची खूण होती. खिडकीकडे पाहिलं, तर खटका खालीच. विजेच्या भीतीने रोज संध्याकाळी मी खटका खाली करून तार यंत्रापासून तोडत आणि जमिनीला जोडून ठेवत असे. सकाळी चहा पिता पिता सगळ्या ओळींवर एकदम खुणा केल्या होत्या. काम राहिलं होतं.

खटका वर केला आणि कान फाटायची वेळ आली. दिघीच्या बाजूला आभाळ काळंनिळं झालं होतं. खटका खाली टाकला आणि शेताकडे पळत सुटलो.

"आबा, झाका! पाऊस येतोय!"

"आवं, तुमीच न्हाई म्हनला न्हवं?"

"चुकलो. आधी झाका."

 पदर खोचून आबांच्या पत्नीने, आजींनी, कांद्याचे ढीग करायला घेतले. आबा कडब्याच्या पेंढ्या आणत होते, मी ढिगांवर रचत होतो. वारा सुटला तसा कडबा उडायला लागला. आजी बांधावरचे दगड आणून वर ठेवू लागल्या. निम्मं शेत झाकलं आणि टपोरे थेंब आले. आबा तरीही पाटी भरत राहिले. वीज अशी जवळ कडाडली की मी त्यांचा हात धरून त्यांना खोपीत ओढलं. समोर उघडा कांदा भिजत होता आणि आम्ही तिघं तो बघत होतो.

संध्याकाळी गाडी परतली. थोरला मुलगा चिखलात उभा राहून म्हणाला, "पेटीनं दगा दिला वाटतं."

आबांनी मान हलवली. "मशिन हाय, चुकायचंच."

गप्प बसलो असतो तर भागलं असतं. "यंत्र चुकलं नाही," मी म्हणालो. "खटका वर न करताच मी वहीत केला म्हणून लिहिलं."

 आबांनी खाली वाकून एक भिजलेला कांदा उचलला, दाबून पाहिला.

"म्हंजी आभाळ वरडत हुतं, आन् तुमीच कानात बोटं घालून बसला हुता." मग मुलाकडे वळून म्हणाले, "वल्ला कांदा टिकायचा न्हाई. पहाटं चाकणला न्यायचा. निवडाय बसा समदे."

मी बाह्या वर केल्या. आजींनी माझ्यापुढे एक रिकामी पाटी सरकवली. "कोरडा हिकडं, वल्ला तिकडं," त्या म्हणाल्या. "आन् परत्येक हातानं दाबून बगा, भाऊ."