पत्रिकेत सर्वांत वर आलेले नाव

सहा वर्षे लपवलेली गोष्ट आधी सांगतो. तिच्यावाचून पुढचा अनुभव कळणार नाही. थोरल्या मुलीच्या लग्नपत्रिकेतून माझे चुलत बंधू भानुदासदादा यांचे नाव गळाले, ते मी सर्वांना सांगितले तसे सॉफ्टवेअरच्या चुकीमुळे नव्हे. ते मी गाळले होते.

सावेडीत माझा पत्रिका छापण्याचा छोटा व्यवसाय आहे. वय चोपन्न. अतर्क्य गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता... आजही पुरता बसला आहे असे म्हणवत नाही.

आपल्याकडच्या पत्रिकेत शंभर-दीडशे नावे सहज असतात, आणि कोणाचे नाव कोणाच्या वर, यावरून भर मांडवात भांडणे पेटतात. ही नावे आम्ही संगणकावर एक्सएमएल नावाच्या यादीवजा फाइलमध्ये भरतो आणि मांडणी ठरवणारी स्टाईलशीट त्यांचे छापण्याजोगे पान करते. स्टाईलशीटला नावे अकारविल्हे लावता येतात, आकड्यांच्या क्रमाने लावता येतात. मान कळत नाही. म्हणून मी जावा या संगणकीय भाषेत एक वेगळे फंक्शन, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहून तिला जोडले. नाव, नाते, वय आणि पद दिले की ते मानाचा एक आकडा परत देते — बस, एवढेच.

मुलीच्या साखरपुड्यात दादा व्याह्यांसमोर म्हणाले होते, “आमच्या बाळूला औत धरता येईना, म्हनून त्यो कॉम्प्युटर शिकला!” सगळे हसले. मीही हसलो. पण त्याच आठवड्यात फंक्शनमध्ये एक ओळ घातली: हे नाव आले, तर उणे एक परत दे. उणे आकडा आला की स्टाईलशीट ते नाव गाळत असे.

दादा तरीही तिसगावहून लग्नाला आले. मानाच्या फेट्यासाठी नावे पत्रिकेवरूनच पुकारतात; त्यांचे नाव पुकारले गेले नाही. मागच्या खुर्चीत बसून ते विचारणाऱ्याला सांगत होते, “मशीन हाय, चुकनारच. बाळूचा काय दोष?”

ती ओळ मी नंतर पुसली. दादांकडे मात्र गेलो नाही.

यंदा मुलाचे लग्न ठरले. दादांचे नाव भरायला हात धजेना — घातले, तर मागच्या वेळी ते कुठे गेले होते, हा विषय निघणार. अखेर भरलेच नाही. सोमवारी दुपारी प्रूफ काढले. आमची डिझायनर वैशाली कागद पाहत म्हणाली, “सर, हे भानुदास कोण? चेअरमन दिसतात. मग पहिला फेटा त्यांचाच की!”

मी कागद घेतला. निमंत्रकांत सर्वांत वर दादांचे पूर्ण नाव, आणि खाली — ‘चेअरमन, दूध सोसायटी’.

फाइल धुंडाळली. त्यात ते नाव नव्हते. फंक्शन तर नुसता आकडा देते, अक्षर लिहीतच नाही. पुन्हा चालवून पाहिले, तेव्हा नाव आले नाही. मुलीच्या लग्नाची जुनी फाइल मिसळली म्हणावे, तर तिच्यात दादांच्या नावापुढे कसलेच पद नव्हते. वैशालीने काही केले म्हणावे, तर दादा कोण हेच तिला धड ठाऊक नव्हते; नाव ती केवळ कागदावरून वाचत होती.

नवल असे, की मला भीती वाटली नाही. कोणी वडीलधाऱ्याने हाताला धरून उठवावे, तसे वाटले.

दुसऱ्या दिवशी तोच कागद घेऊन तिसगाव गाठले. ओट्यावर पेढे वाटणे चालू होते.

“या भावजी!” वहिनी म्हणाल्या. “खबर लईच लवकर लागली की! आत्ता सकाळीच ह्यान्ला बिनविरोध चेअरमन केलं.”

“काल रातीपतुर मलाच ठावं न्हवतं,” दादा म्हणाले.

सकाळची निवड आदल्या दुपारच्या कागदावर कशी छापली गेली, याचे उत्तर मला आजतागायत मिळालेले नाही. या कामातल्या जाणत्या मित्रांनी कोड ओळ न् ओळ तपासला. त्यांनीही हात टेकले.

दादांनी चष्मा चढवून कागद वाचला आणि ते मनापासून हसले. “म्हंजी मशीन सुधारलं म्हनायचं तुजं!”

“दादा,” मी म्हणालो, “मशीन तेव्हाही बिघडलं नव्हतं. तुमचं नाव मी माझ्या हातानं काढलं होतं... मला माफ करा.”